वूफरमधली घूंऽऽ जाते आणि परत येते : होम थिएटर लावल्यावरचा हा त्रास मुळापासून कसा शोधायचा

होम थिएटर लावलं, सुरुवातीला मस्त वाजलं, मग एका रात्री सगळे झोपल्यावर आवाज बारीक करून काहीतरी लावलं आणि वूफरमधून सारखी घूंऽऽ ऐकू यायला लागली. मागची वायर जरा हलवली की जाते, चार दिवसांनी परत येते. ठाण्यात आणि नवी मुंबईत नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे मी जे सेटअप लावून दिलेत किंवा बिघडलेले बघायला गेलेय, तिथे ही तक्रार सगळ्यात जास्त. आणि लोक काय करतात, तर वूफर बदलून आणतात, मग ॲम्प बदलतात, मग कोणीतरी सांगतं म्हणून महागडी केबल घेतात, आणि तरी आवाज तसाच. कारण सेटमध्ये दोष फार क्वचित असतो. तो आवाज बाहेरून आत येत असतो, कुठल्या तरी एका वायरच्या जाळीवरून (आतल्या तारेभोवती गुंडाळलेली बारीक तारांची असते ती), आणि ती वायर नेमकी कुठली हे सापडत नाही तोपर्यंत वरवरचे उपाय केले तर तो परत येणारच. म्हणून आधी वायर शोधा, मग उपाय करा, याच क्रमाने सांगते.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि बाकीचं वाचलं नाही तरी हे वाचाच. थ्री पिनची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, काढून टाकायची नाही, तोडायची नाही, तिला टेप लावायची नाही, आणि थ्री पिनचं टू पिन करणारा तो छोटा अडॅप्टर वापरायचा नाही. ही युक्ती सगळीकडे सांगतात, दुकानातून लावून द्यायला येणारी मुलंसुद्धा करून जातात, कारण पिन काढली की घूं खरंच थांबते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ती पिन कंपनीने दिली ती त्या वस्तूच्या पत्र्याच्या बॉडीला जोडलेली असते. उद्या आतली फेजची वायर सुटून बॉडीला लागली तर तो करंट अर्थिंगमधून जाऊन एमसीबी किंवा आरसीसीबी (करंटची गळती पकडून वीज तोडणारा स्विच) पाडायला हवा. पिन नसेल तर बॉडी तशीच जिवंत राहते, आणि आरसीए (आवाज नेणारी गोल पिनेची केबल), एचडीएमआयच्या जाळीतून तीच फेज टीव्हीवर, सेट टॉप बॉक्सवर, सगळीकडे पोचते. घरात लहान मुलं असतात, ओल्या हाताने रिमोट शोधणारी माणसं असतात. गुणगुण घालवण्यासाठी हा सौदा कुणीही करू नये. ज्या वस्तूंना कंपनीनेच टू पिन वायर दिलीये, आणि पुष्कळ रिसीव्हर (सगळ्या वस्तू आणि स्पीकर ज्याला जोडतात तो ॲम्पचा डबा) आणि वूफर तसे येतात, त्या आतून डबल इन्सुलेशनच्या असतात, त्यांची काळजी नको. मी म्हणतेय ते थ्री पिनचं टू पिन करण्याबद्दल.

आता आवाज ऐका, नीट, पाच मिनिटं. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे अर्थिंगच्या भानगडीतून येणारा आवाज ५० हर्ट्झचा असतो, गोल, जाड, घूंऽऽ असा, पोटात जाणवतो. तो जर झर्रऽऽ, चरचर असा टोकदार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक वेळा पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर असतो, त्याचं खाली सांगते. दुसरं, आवाज खरंच स्पीकरच्या कागदातून येतोय का डब्यातून? कोनवर, म्हणजे त्या कागदावर, हलकेच बोटं ठेवा. कोन थरथरत नसेल आणि डब्याला कान लावल्यावर आवाज येत असेल तर तो आतल्या ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा आवाज आहे, त्याला केबल बदलून काही होणार नाही. घरात कुणी हेअर ड्रायर अर्ध्या स्पीडवर लावला की ट्रान्सफॉर्मर जास्त घुमतो, कारण साध्या ड्रायरमध्ये अर्ध्या स्पीडला डायोड लावून विजेची अर्धीच लाट वापरतात, आणि ते गोल ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. ड्रायर बंद केला की आवाजही बंद होतो, तर त्याचा विचार सोडून द्या.

तिसरं, रिसीव्हरचा व्हॉल्यूम वरखाली करून बघा. घूं त्याच्याबरोबर वाढते-कमी होते का? होत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरतेय, म्हणजे ॲनालॉग ऑक्समधून जोडलेल्या कुठल्या तरी वस्तूतून. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहत असेल तर ती व्हॉल्यूमच्या नंतर शिरतेय, आणि वूफर असलेल्या घरात याचा अर्थ दहापैकी नऊ वेळा रिसीव्हरमधून वूफरला जाणारी ती एकच आरसीए केबल. लक्षात घ्या, एचडीएमआयमधून जातो तो आकड्यांचा सिग्नल, त्यात घूं मिसळू शकत नाही. पण एचडीएमआयच्या बाहेरच्या जाळीने टीव्ही, सेट टॉप बॉक्स, रिसीव्हर हे सगळे एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडले जातात. मग कुठल्या तरी एका टोकाला, कुठून तरी, वेगळ्या अर्थिंगचा संबंध आला की दोन अर्थिंगमधल्या थोड्याशा फरकामुळे त्या जाळ्यांमधून बारीक करंट वाहायला लागतो. तो वूफरच्या आरसीए केबलच्या जाळीतून गेला की तिथे काही मिलीव्होल्ट तयार होतात, आणि वूफर बिचारा त्यालाच सिग्नल समजून वाढवून ऐकवतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

तर आता वायर शोधायची. प्रत्येक वेळी काही काढण्या-घालण्याआधी सगळं स्विचवरून बंद करा, रिमोटवरून नाही, बोर्डावरून. चालू असताना एचडीएमआय काढ-घाल केल्याने पोर्ट जळू शकतात, दोन वस्तूंच्या बॉडीमध्ये व्होल्टेजचा फरक असतो आणि तो त्या नाजूक पिनांतून उतरतो. बंद केलं की वूफरच्या मागची आरसीए केबल काढा, फक्त वूफर चालू करा. काहीच जोडलेलं नसताना घूं येत असेल तर वूफरच्या आतलं काम आहे, शेवटी सांगते. शांत असेल तर वूफर चांगलाय, बदलायला नेऊ नका.

मग आरसीए लावा, आणि रिसीव्हरच्या मागचं बाकी सगळं काढून टाका, एचडीएमआय, ऑप्टिकल, ऑक्स, लॅनची वायर, एफएमची अँटेना, सगळं. राहिलं काय, वीज, स्पीकर आणि वूफर. चालू करा. शांत? मग एकेक वस्तू परत लावत जा आणि प्रत्येक वेळी ऐका. आधी टीव्हीची एचडीएमआय, पण टीव्हीला दुसरं काहीही न लावता. मग सेट टॉप बॉक्स, पण त्याच्यात केबलवाल्याची वायर न घालता. मग ती वायर. मग गेम, मग लॅपटॉप. कंटाळवाणं आहे, मला माहितीये, तासभर जातो, पण घूं ज्या क्षणी परत येते त्या क्षणी तुमच्या हातात गुन्हेगार वायर असते, आणि पुढे पैसा फक्त तिच्यावर खर्च होतो. घाईत दोन वायरी एकदम लावल्या तर सगळं पाण्यात, परत पहिल्यापासून करावं लागतं.

आमच्याकडे, म्हणजे ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या सगळ्या पट्ट्यात, ती वायर बऱ्याचदा एकच निघते. केबल टीव्हीची काळी किंवा पांढरी कोएक्सियल वायर. का, ते समजून घ्या. केबलवाल्याची लाइन बिल्डिंगमध्ये येते, जिन्यात किंवा गच्चीच्या दाराशी एक पत्र्याची पेटी असते, तिच्यात नोड किंवा ॲम्प्लिफायर असतो, त्याला वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून दिलेली असते, कुठे कुठे तर शेजारच्या बिल्डिंगमधून. तिथून तुमच्या हॉलमध्ये येणाऱ्या वायरची बाहेरची जाळी त्या पेटीच्या बॉडीला लागलेली. म्हणजे तुमच्या घरातल्या सगळ्या वस्तू तुमच्या डीबीच्या (घरातला एमसीबींचा बोर्ड) अर्थिंगवर आणि ही एक वायर मात्र जिन्यातलं दुसरंच अर्थिंग घरात घेऊन येते. लूप पूर्ण झाला. शिवाय त्याच जाळीवर बिल्डिंगमधल्या सगळ्या बॉक्सांच्या अडॅप्टरची बारीक बारीक गळती जमा झालेली असते.

नेरूळला माझ्या मावशीकडे सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये हेच होतं. मावशी म्हणाली, अगं वूफर तर त्यांनी बदलून दिला की, तरी तोच आवाज, मी तर आता रात्री लावतच नाही. टीव्ही युनिटच्या मागे हात जेमतेम जाईल एवढी जागा. मी बॉक्सच्या मागचा तो स्क्रूचा कनेक्टर फिरवायला घेतला तर बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं, शॉक नाही, पण जाणवेल इतपत. कनेक्टरचं पितळ हिरवट पडलेलं, खाडीकडचा वारा लागतो ना, आणि आतल्या तांब्याच्या तारेभोवती जाळीचे दोन-तीन केसच धरून होते, बाकी तुटलेले. सगळं बंद करून तो कनेक्टर सोडवला, परत चालू केलं, आणि स्वयंपाकघरातून मावशीची हाक, टीव्ही बंद केलास का गं? टीव्ही चालूच होता. इतके महिने ती घूं तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबल्यावर तिला वाटलं टीव्हीच बंद झाला.

त्या तुटक्या जाळीमुळेच तो आवाज जायचा-यायचा. वायर हलवली की केस टेकायचे नाहीतर सुटायचे. म्हणजे "हलवल्यावर बरं होतं" ही जी तक्रार असते तिचा अर्थ बरेचदा हाच, कुठल्या तरी कनेक्टरची जाळी धड जोडलेलीही नाही आणि धड सुटलेलीही नाही. पावसाळ्यात ओल धरली की अजून वाढतं.

यावर उपाय दोन. पहिला, केबलवाल्याला बोलावून कनेक्टर नवा दाबून घ्या, पिळून बसवलेला नको, दाबून बसवलेला, आणि त्या वायरमध्ये बॉक्सच्या आधी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा. बोटाएवढी वस्तू असते, सिग्नल जाऊ देते पण जाळीतला ५० हर्ट्झचा करंट तोडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, ऑनलाइनही मिळतो, रिसीव्हरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. मावशीकडे तोच लावला.

पण थांबा, हा फक्त केबल टीव्हीसाठी. तुमच्याकडे डिश असेल तर डिश आणि बॉक्सच्या मध्ये हा आयसोलेटर लावू नका, बॉक्स त्याच वायरमधून डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवत असतो, आयसोलेटर तो अडवतो आणि सगळे चॅनल जातात. डिशवाल्यांनी वायर घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक (वायरची जाळी अर्थिंगला जोडून देणारा छोटा जोड) लावून तो घरातल्याच अर्थिंगला जोडून घ्यावा, चांगल्या वायरमनकडून. आणि ज्यांच्याकडे आता फक्त फायबर इंटरनेट आहे आणि केबल बंद केलीये त्यांना या वायरचा प्रश्नच नाही, फायबर काचेचं असतं, त्यातून घूं येत नाही.

दुसरा उपाय ऑप्टिकल केबल. टीव्हीतून रिसीव्हरला आवाज एचडीएमआय एआरसीऐवजी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच उलटा रिसीव्हरकडे नेण्याची सोय) ऑप्टिकलने न्यायचा. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, धातूचा संबंधच तुटतो, त्यामुळे टीव्हीकडची सगळी घाण टीव्हीकडेच राहते. मात्र दोन गोष्टी बघा. एक, रिसीव्हर आणि टीव्ही यांच्यामध्ये दुसरी एकही एचडीएमआय राहता कामा नये, रिसीव्हरला ओटीटीची स्टिक लावून तिचं चित्र एचडीएमआयने टीव्हीवर नेलंत की संबंध परत जोडला गेला आणि घूं परत आली, हे मी खूप घरांत बघितलंय, लोक म्हणतात ऑप्टिकल लावूनही फरक नाही. दोन, ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ जातं, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणजे ओटीटीवरचा ॲटमॉस, छताकडूनही येणारा आवाज, गेला. एआरसीमधून डॉल्बी डिजिटल प्लसमधला ॲटमॉस जातो आणि ईएआरसीमधून (एआरसीचीच पुढची आवृत्ती) तर ब्लू-रेवरचा ट्रूएचडीसुद्धा. छतात स्पीकर बसवलेत त्यांनी ऑप्टिकलच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी आयसोलेटरच लावावा. साधा ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर, असेल तर ऑप्टिकल खुशाल लावा, ऐकायला काही कमी वाटणार नाही.

आता समजा केबलची वायर काढूनही घूं गेली नाही. मग अर्थिंगकडे वळा.

घरात अर्थिंग आहे का, हे भोक तीन आहेत यावरून ठरत नाही. जुन्या बिल्डिंगांमध्ये, वर्तकनगर, लोकमान्यनगर, कोपरी, वाशीची जुनी सेक्टरं, सॉकेट थ्री पिनचे बदललेत पण मागे हिरवी वायरच नाही असं सर्रास दिसतं. आणि नवीन टॉवरमध्येही इंटिरियरवाल्याने टीव्ही युनिटच्या मागे जे पॉइंट वाढवले त्यांना हिरवी वायर जोडायची राहून गेली, हेही तितकंच. मल्टिमीटर असेल तर एसी व्होल्टवर ठेवून त्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल बघा, २३०च्या आसपास. फेज आणि अर्थ, तेही जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थ, एक-दोन, फार तर तीन व्होल्ट. फेज-अर्थला मध्येच काहीतरी, शंभर-दीडशे असं डुगडुगणारं आलं तर अर्थ हवेत आहे. न्यूट्रल-अर्थला घरात लोड चालू असताना सुद्धा अगदी शून्य आलं तर कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून ठेवलंय असा संशय घ्या, आणि हे फार वाईट, न्यूट्रल कुठे तुटला तर घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येते. मीटर धरायची सवय नसेल तर हे स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. ऐरोलीला एका घरी वायरमन दादा टेस्टर लावून म्हणाले, ताई, अर्थिंग आहे, बघा दिवा लागत नाही. टेस्टरचा दिवा अर्थला न लागणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे, तुटलेल्या वायरलाही तो लागत नाही. त्यांच्याकडून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघून घ्या, पूर्ण उजेड पडला पाहिजे, मिणमिणता असेल तर अर्थिंग कच्चं. घरात आरसीसीबी असेल तर या टेस्टमध्ये तो पडेल, आणि तो पडला म्हणजे अर्थची वायर जोडलेली आहे एवढं कळतं, अर्थिंग पक्कं आहे हे नाही.

ज्यांच्याकडे दर उन्हाळ्यात घूं वाढते आणि पाऊस सुरू झाला की कमी होते, त्यांनी सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा बघावा. मीटर रूमजवळ सिमेंटचं झाकण असतं, खाली कोळसा आणि मीठ घातलेलं, त्यात पाइप किंवा प्लेट. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि मग घरातल्या गळतीला केबलच्या जाळीतून जाणं सोपं पडतं. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घालायचं असतं, पूर्वी सोसायटीचे वॉचमन घालायचे, आता कुठे कुठे झाकणावर पार्किंगची फरशी बसवून टाकलीये. सेक्रेटरींना सांगा, चिकाटीने सांगा. हे नुसतं वूफरचं नाही, अख्ख्या बिल्डिंगच्या सुरक्षेचं काम आहे.

अर्थिंग ठीक असेल तर बोर्ड बघा. टीव्ही आणि रिसीव्हर एका भिंतीवर, वूफर सोफ्याच्या मागे दुसऱ्या भिंतीच्या पॉइंटवर, हे नेहमीचं. दोन पॉइंट डीबीतून वेगवेगळ्या वायरने आलेले असतात, मध्ये एसी, गिझर, फ्रिज यांची गळती, त्यामुळे दोन सॉकेटच्या अर्थमध्ये फरक पडतो. वूफर, रिसीव्हर आणि टीव्ही तिन्ही एकाच सॉकेटवरून द्या, एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घेऊन. लोडची भीती नको, ६ अँपियरचा पॉइंट १३८० वॉटपर्यंत जातो आणि घरगुती होम थिएटर नेहमीच्या आवाजात त्याच्या जवळही जात नाही. फक्त त्या बोर्डावर इस्त्री लावू नका. आणि बोर्ड उघडून बघा किंवा दुकानात मीटरने तपासून घ्या, स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांत अर्थची पट्टी असते पण तिला वायर जोडलेलीच नसते, आणि ते चपटे युनिव्हर्सल अडॅप्टर तर अर्थिंगची पिन आत घेतात आणि कशालाच टेकवत नाहीत. वूफर टू पिनचा असेल तर पिन उलटी करून घालून बघा, कधी कधी तेवढ्यानेच घूं निम्मी होते, यात धोका काही नाही कारण ती वस्तूच तशी बनवलेली असते.

वायर कुठून नेलीये हेही बघाच. फ्लॅटचं इंटिरियर करताना कार्पेंटर आणि वायरमन वूफरची आरसीए केबल त्याच पाइपातून ओढतात ज्यातून २३० व्होल्टच्या वायरी गेल्यात, आणि वरून फरशी, पीओपी, सगळं पक्कं. स्पीकरच्या वायरींना याने सहसा काही होत नाही, पण वूफरच्या लाइनवरचा सिग्नल इतका बारीक असतो की शेजारून मीटरभर वीज धावली तरी घूं शिरते. नवीन काम करणार असाल तर आत्ताच वेगळा पाइप मागा, विजेपासून निदान फूटभर लांब, आणि कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात. काम होऊन गेलं असेल तर कन्सील्ड केबल सोडून द्या आणि स्कर्टिंगच्या कडेने नवी टाका, टीव्हीसाठी वापरतात ती आरजी ६ कोएक्सियल, दोन्ही टोकांना आरसीए पिना लावून, ही वूफरला उत्तम चालते, जाळी भरगच्च असते. घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे हेच केलं, पाइपातली जाड, सोनेरी पिनांची केबल तशीच भिंतीत राहिली आणि साधी आरजी ६ टाकल्यावर शांत झालं.

आरसीएसाठीही आयसोलेटर मिळतात, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेले. चालतात, पण स्वस्तातले खालचा बास खातात, ३०-४० हर्ट्झला आवाज पोकळ होतो, आणि वूफर घेतलाच होता त्या बाससाठी. म्हणून माझं मत असं की हा शेवटचा उपाय ठेवा, बाकी सगळं तपासून झाल्यावरच.

झर्रऽऽवाल्यांसाठी थोडक्यात. हॉलमधले पंखे, डिमरचे दिवे, एलईडीची पट्टी, मोबाइलचे चार्जर, एकेक बंद करून ऐका. गोल फिरणारा, कुठेही थांबणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर बहुतेक तोच, त्याच्याऐवजी ठरावीक पायऱ्यांचा, कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, तो लाट कापत नाही. लॅपटॉप जोडल्यावर किरकिर येत असेल तर चार्जर काढून बघा, गेली तर चार्जरच. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज येत असेल आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर होम थिएटर त्याच्यावर चालवूच नका.

एक सेटिंगही बघून घ्या, कारण लूप नसतानाही प्रत्येक वूफरला थोडी स्वतःची घूं असते आणि ती आपणच मोठी करून ऐकतो. वूफरच्या मागची लेव्हलची नॉब पूर्ण वर आणि रिसीव्हरच्या मेनूत सब, म्हणजे वूफरची लेव्हल, मायनस दहा, असं असेल तर उलटं करा. नॉब मध्यावर किंवा त्याच्याही खाली आणा, रिसीव्हरमधून सब शून्याच्या आसपास आणा. बास तेवढाच राहतो आणि घूं खाली बसते. क्रॉसओव्हरची नॉब (किती हर्ट्झखालचा आवाज वूफरने वाजवायचा ते ठरवते ती) वूफरवर पूर्ण वर ठेवा किंवा एलएफई लिहिलेलं, ती नॉब वगळणारं इनपुट वापरा, क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्येच लावा, बहुतेक छोट्या स्पीकरांना ८० हर्ट्झ ठीक बसतो.

साउंडबारबरोबर येणारा वायरलेस वूफर असेल तर वरचा बराचसा त्रास तुम्हाला लागूच नाही, त्याला विजेशिवाय दुसरी वायरच नसते, मग लूप कशाचा. त्याच्यातून घूं येत असेल तर दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या सॉकेटवर नेऊन ऐका, तिथेही आली तर सरळ सर्व्हिसला.

राहिला तो वूफर जो आरसीए काढल्यावरही एकटाच घुमतो. चार-पाच वर्षं वापरलेल्या ५.१ सेटमध्ये, ज्यांच्या वूफरच्या डब्यातच सगळा ॲम्प असतो, तिथे आतले वीज गाळणारे मोठे कॅपॅसिटर सुकलेले असतात, माथा फुगलेला दिसतो, आणि हा आवाज १०० हर्ट्झचा, जरा वरच्या पट्टीतला असतो, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी येतो. हे दुरुस्त होतं, आणि फार खर्च येत नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाकडे. त्यांना सांगा की मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी व्होल्टचा घालू देऊ नका, तो काही महिन्यांत परत फुगतो. घरी डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हातच लावू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा, आणि तो आला की त्याच्यासमोर आरसीए काढून फक्त वूफर चालू करून दाखवा, म्हणजे "तुमच्या घरचं अर्थिंग खराब आहे" असं म्हणून त्याला परत जाता येणार नाही.